मखमलीत पास चालत नाही

"ऐकू आलं नाही म्हणजे? माझा आवाज? ऐकू आला नाही?"

"नाही आला. आता खोटं कशाला बोलू?"

"अहो, डोक्यावर स्पीकर होता तुमच्या! बरोब्बर डोक्यावर! त्या गाडीतला एकन् एक स्पीकर मी ओळखते."

"असेल. स्पीकर असेल. त्यातून काही आलं नाही."

"त्यातून मी आले!"

"तू आली असतीस तर मला कळलं नसतं का?"

सूचनाताईंनी हातातला अर्धा सोललेला बटाटा ओट्यावर असा आपटला, की तो उसळून थेट पाण्याच्या पातेल्यात पडला आणि सासूबाईंच्या चष्म्यावर शिंतोडे उडाले. सासूबाईंनी चष्मा पुसला नाही. भांडण रंगात आलेलं असताना त्या मधे हालचाल करत नसत.

नवरा खुर्चीत बसून पायमोजे काढत होता. अंगावर चांगला कोट, पायाशी हत्यारांची पिशवी. त्याचा धंदा पियानो ट्यून करण्याचा. गावातल्या शाळा, हॉटेलं, नाचाचे क्लास, हौशी डॉक्टर, सगळ्यांचे पियानो तोच सुरात आणायचा. असं म्हणत, की भिंतीपलीकडे कुणी काचेच्या पेल्यात चमचा हलवला तर पेला किती भरलाय हे तो सांगू शकतो. म्हणत म्हणजे तोच म्हणायचा. पण कुणी खोडून काढलेलं नव्हतं.

आणि या कानाच्या माणसाला आज दुपारी टीसीने मखमलीतून खाली उतरवलं होतं.

मखमली म्हणजे ती निळी गाडी. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, पण आतल्या गाद्या मखमलीच्या म्हणून लोक तिला मखमलीच म्हणायचे. तिचे रूळ तेच, फलाट तोच, वाटेतला बोगदाही तोच. फक्त ती कमी ठिकाणी थांबायची, आत गारवा असायचा, आणि शहराचा पास तिच्यात चालत नसे. बसला चालायचा, साध्या गाडीला चालायचा, नदीपार जाणाऱ्या लाँचला चालायचा, अगदी टेकडीवरच्या त्या कुरकुरत्या रोपवेच्या पाळण्यालाही चालायचा. मखमलीत नाही. आणि हे सगळ्या शहराला सांगणारा जो आवाज होता, गाडीत, फलाटावर, जिन्यात, तो सूचनाताईंचा होता. ताईंना सूचनाताई म्हणायचे ते त्याचमुळे. खरं नाव आता फक्त सासूबाईंना आठवत होतं, आणि त्या ते फक्त रागावल्यावर वापरायच्या.

"टीसीने मला विचारलं, सूचना ऐकली नाहीत का," नवरा म्हणाला. "मी म्हटलं, कुठली सूचना? तर सगळा डबा हसायला लागला."

"का हसला?"

"ते मला काय माहीत?"

"मी सांगते का हसला. तेव्हाच चालू होती! तुम्ही 'कुठली सूचना' म्हणत होतात तेव्हा वर मी बोलत होते!"

"टीसीही असंच काहीतरी म्हणाला."

"बघा!"

"पण मी म्हटलं, माझ्या पासावर छापलंय, 'शहरातील सर्व प्रवासासाठी'. ही गाडी काय समुद्रातून जाते? शहरातूनच जाते ना? मग?"

"मग उतरवलं ना?"

"उतरवलं. पिशवीसकट. पण मी काही गप्प बसणारा माणूस नाही."

हे वाक्य ऐकल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा चष्मा पुसला. "अरे, सांग की तिला," त्या म्हणाल्या. "आज ना उद्या कळणारच आहे."

"काय कळणार आहे?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. तक्रार केली."

"कुणाची?"

"रेल्वेची. लेटरहेडवर. स्टेशनातच बसून लिहिली आणि पेटीत टाकली." नवऱ्याने मोज्यांची गुंडाळी केली आणि जरा ताठ बसला. "लिहिलं, की मी व्यवसायाने पियानो ट्यूनर आहे, माझे कान हेच माझं भांडवल आहे, आणि मी पूर्ण जबाबदारीने सांगतो, की मखमली गाडीत कोणतीही सूचना ऐकू येत नाही."

पातेल्यातला बटाटा हळूच तळाला गेला.

"अहो," ताई म्हणाल्या, अगदी हळू, "तुम्ही माझी नोकरी पेटीत टाकून आलात."

---

हे त्या उगाच म्हणाल्या नव्हत्या.

ताई मुळात तिकीटखिडकीवर होत्या. खिडकीवर दिवसभर एकच प्रश्न: "हा पास मखमलीत चालतो का हो?" बाकीचे कारकून "नाही" म्हणायचे आणि भांडणं व्हायची. खिडकीच्या जाळीतून छत्र्या आत यायच्या. ताई मात्र "नाही हो, नाही चालत" असं अशा काही सुरात म्हणायच्या, की माणसाला वाटायचं आपल्याला काहीतरी मिळालं. लोक "थँक्यू" म्हणून जायचे. एक बाई तर मैत्रिणीला घेऊन परत आल्या होत्या. म्हणाल्या, "हिलाही सांगा ना एकदा."

ही गोष्ट वर गेली, आणि जेव्हा स्पीकर बसवायचे ठरले तेव्हा आवाज कुणाचा याला चर्चाच लागली नाही. रेकॉर्डिंग झालं ते कर्मचाऱ्यांचे कोट टांगायच्या खोलीत, कारण कोटांमुळे आवाज घुमत नाही. एका ओल्या रेनकोटात तोंड खुपसून ताई म्हणाल्या होत्या:

"प्रवाशांनो, कृपया लक्ष द्या. ही मखमली गाडी आहे. या गाडीत शहराचा पास चालत नाही. पास असलेल्या प्रवाशांनी मागून येणाऱ्या साध्या गाडीने प्रवास करावा. आपला प्रवास सुखाचा होवो."

इतकंच. पण 'सुखाचा होवो' असं म्हणताना त्या ज्या काही मार्दवाने थांबायच्या, त्याने म्हातारी माणसं स्पीकरकडे बघून मान डोलवायची. एकदा एक प्रवासी चौकशी करायला आला होता, या बाईंचं लग्न झालंय का म्हणून. त्याला टीसीने साध्या गाडीत बसवून दिलं.

अडचण एकच होती. लोक ऐकायचे, खूष व्हायचे, आणि पास घेऊन मखमलीतच चढायचे. पकडलं की म्हणायचे, "अहो, बाई इतक्या प्रेमाने सांगत होत्या, वाटलं, 'या, या' म्हणताहेत."

टीसी वैतागले होते. मोठे साहेब, म्हणजे स्टेशनप्रमुख, ते तर त्याहून वैतागले होते. आणि अलीकडे त्यांच्या केबिनच्या कोपऱ्यात एक मोठं खोकं येऊन पडलं होतं. आत एक यंत्र. काहीही टाइप केलं की ते बायकी आवाजात बोलून दाखवायचं. त्याचा आवाज म्हणजे औषधाच्या बाटलीवरचा कागद कुणी वाचतोय असा. पण त्याला पगार नको, रजा नको, आणि लोकांना त्याच्याशी लग्न करायचं नव्हतं. साहेब तसे वाईट नव्हते. त्यांच्याकडे खोकं होतं, आणि खोकं आलं की ते उघडायला काहीतरी निमित्त लागतं.

ते निमित्त आता लेटरहेडवर लिहून, सही करून, पेटीत पडलं होतं.

"मागे घ्या ती," रात्रीच्या जेवणाला ताई म्हणाल्या.

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व गेलं खड्ड्यात. भाजी वाढू का?"

"वाढ. पण तक्रार मागे घेणार नाही. मी खोटं लिहिलेलं नाही."

"मला इथे बसून ऐकू येतं," सासूबाई म्हणाल्या. स्टेशन गल्लीच्या टोकाला होतं. "वारा इकडचा असला की 'सुखाचा होवो' पर्यंत सगळं. मी तर ते ऐकूनच दुपारची गोळी घेते."

"आई, तू मधे पडू नकोस."

"मी कुठे पडतेय? मी गोळीचं सांगतेय."

---

साहेबांनी बोलावणं धाडलं ते दोघांना. म्हणजे तक्रारदाराला आणि ताईंना. सासूबाई आपणहून आल्या, कारण चौकशी मखमलीत होणार असं कळलं होतं आणि त्यांना एकदा त्या गादीवर बसायचं होतं.

बेत असा होता. मखमली फलाटाला लागलेली असेल, प्रवासी नेहमीसारखे चढत असतील. तक्रारदार डब्यात बसेल, बाजूला साहेब आणि टीसी. ताई वर नियंत्रण कक्षात, माईकपाशी. आधी यंत्र बोलेल, मग ताई बोलतील. तक्रारदाराने जे ऐकू येईल ते सांगायचं.

"साधी गोष्ट आहे," साहेब फोनवर ताईंना म्हणाले. डब्यात एक अंतर्गत फोन होता, त्यावरून ते वर बोलत होते. "एकदा निकाल लागला की तुम्हीही मोकळ्या, आम्हीही मोकळे."

मोकळं म्हणजे काय हे ताईंना कळत होतं. त्या माईकसमोर ताठ बसल्या. घशाखाली कोमट पाणी घातलं. त्यांना आयुष्यात कधी कुणासमोर बोलायची भीती वाटली नव्हती, आणि आज एका माणसासमोर वाटत होती, ज्याच्या बनियनचा नंबरसुद्धा त्यांना पाठ होता.

यंत्र बोललं. "प्र-वाशांनो. कृपया. लक्षद्या."

"ऐकलं?" खाली साहेबांनी विचारलं. फोन उचललेलाच असल्यामुळे ताईंना वर सगळं ऐकू येत होतं.

"शब्दन् शब्द," नवरा म्हणाला, आणि सगळं म्हणून दाखवलं. वर म्हणाला, "यंत्र जरा बेसूर आहे. आणि 'पास' म्हणताना आत कुठेतरी शिट्टी वाजते. पण ऐकू येतं, चोख."

"आता बाई, तुम्ही."

ताईंनी डोळे मिटले. रेनकोट आठवला. आणि आजवर कधी म्हटली नव्हती अशी ती सूचना त्यांनी म्हटली. 'सुखाचा होवो' ला फलाटावरचा झाडूवाला हातातला झाडू टेकवून उभा राहिला. कुणीतरी उसासा टाकल्याचंही ऐकू आलं. तो टीसीचा होता.

मग खाली नवरा खाकरला.

"कधी सुरू करताय?" नवऱ्याने विचारलं.

"काय?" साहेब.

"दुसरी सूचना. मी केव्हाचा थांबलोय."

"झाली की!"

"कधी?"

"आत्ता! तुम्ही माझ्याकडे बघत होतात तेव्हा!"

"छे. तेव्हा काही नव्हतं. तेव्हा पंखा होता, तो सुरात किंचित उतरलाय, तेल घाला. मग टीसीसाहेबांचा डावा बूट वाजला. आणि आई गोळी चघळतेय."

"पेपरमिंट आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि अरे, बोलली की ती! किती छान बोलली!"

"पुन्हा एकदा," साहेब फोनमध्ये म्हणाले.

ताई पुन्हा बोलल्या. आणि पुन्हा. तिसऱ्या खेपेला तर खिडकीबाहेर फलाटावर लोक जमले, आणि "काय सुंदर" असं कुणीतरी म्हणालं, तेही नवऱ्याला ऐकू गेलं. "काय सुंदर?" त्याने विचारलं. "बाहेर काही चाललंय का?"

साहेबांनी कपाळावरची टोपी मागे सरकवली. "बाई," ते फोनमध्ये म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंखुरं वाईट वाटणं होतं, "मी समोर बसून बघतोय. यांना पंखा ऐकू येतो, बूट ऐकू येतो, पेपरमिंट ऐकू येतं. यंत्र तर चोख ऐकू येतं. तुम्ही येत नाही. आता तज्ज्ञ माणसाला ऐकू येत नाही असा आवाज मी स्टेशनावर कसा ठेवू? उद्यापासून मी..."

"एक मिनिट, साहेब," टीसी मधे म्हणाला. "अहो मास्तर, असं होईलच कसं? बायकोचा आवाज ऐकूच येत नाही?"

"घरात येतो की," नवरा म्हणाला. "भाजी वाढू का, वीजबिल भरलं का, सगळं येतं. हा सूचनेचा आवाज मात्र नाही. तो मी काढून टाकलेला आहे."

"काढून म्हणजे?"

"कानातून." आता तो धंद्यातलं सांगायला लागला होता, त्यामुळे त्याचा आवाज चढला, रंगला. "बघा, तार जुळवायची असते तेव्हा शेजारच्या तारा गुणगुणत असतात. एक ऐकायची तर बाकीच्या बाजूला ठेवाव्या लागतात. सवयीने जमतं. तर लग्न झालं तेव्हा मी घरी पियानो जुळवायचो, आणि ही स्वयंपाकघरात सूचनेचा सराव करायची. मी आपला आतून सांगायचो, जरा वर गेलीस, जरा खाली ये, 'पास' वर थरथरतंय. एक दिवस ही लाटणं घेऊन बाहेर आली. म्हणाली, माझा सूर काढायचा नाही. मी सूचना म्हणायला लागले की तुम्ही कान बंद करायचे. ऐकायचंच नाही! शप्पथ घातली."

"मग?"

"मग काय? मी ऐकणं बंद केलं. आधी कठीण गेलं. पण मी बायकोच्या शब्दाबाहेर नाही."

हे सगळं त्याने इतक्या निरागस अभिमानाने सांगितलं, की टीसीने नकळत "वा" म्हटलं.

वर नियंत्रण कक्षात ताईंच्या कानापासून मानेपर्यंत काहीतरी गरम सरकत गेलं. म्हणजे हा माणूस इतकी वर्षं आज्ञा पाळत होता! चहात साखर कमी घाला हे सांगून सांगून जीभ झिजली, ओला टॉवेल गादीवर टाकू नका हे सांगून दात पडायची वेळ आली, त्यातली एक गोष्ट कधी पाळली नाही. आणि पाळली ती ही!

माईकवरचा लाल दिवा चालूच होता. तो बंद करायचं भान ताईंना राहिलं नाही.

"अहो!" ताई ओरडल्या. "उतरा! उतरा आधी त्या गाडीतून! पास चालत नाही म्हणून सांगितलं ना? किती वेळा सांगायचं? मऊ गादी दिसली की बसलेच! लाज नाही वाटत? चारचौघांत शोभतं का हे? उतरा म्हणते ना! आत्ताच्या आत्ता! आणि ती पिशवी विसरू नका!"

हे गाडीत वाजलं, फलाटांवर वाजलं, जिन्यात वाजलं, साहेबांच्या रिकाम्या केबिनमध्ये वाजलं आणि पुरुषांच्या प्रसाधनगृहात वाजलं.

नवरा उभा राहिला. खरं तर उडालाच. पिशवी उचलली आणि दारातून बाहेर. त्याच्या मागोमाग टीसी. टीसीच्या मागोमाग स्वतः साहेब. पुढे त्यांनी सगळ्यांना सांगितलं की मी फलाटाची पाहणी करायला उतरलो होतो, पण त्या वेळी त्यांची टोपी हातात होती आणि चेहरा शाळेतल्यासारखा. मग बाकीचा डबा. पासवाले तर उतरलेच, पण ज्यांच्याकडे मखमलीचं चांगलं कोरं करकरीत तिकीट होतं तेही उतरले, आपापल्या पिशव्या छातीशी धरून. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "मीपण?" समोरच्या फलाटावर साधी गाडी उभी होती, तिच्यात पास बिनदिक्कत चालतो, ती अर्धी रिकामी झाली. प्रसाधनगृहातून एक गृहस्थ शर्टाची बटणं लावत आले आणि कुणाची माफी मागायची ते शोधत उभे राहिले.

मखमलीत एकट्या सासूबाई राहिल्या. हातपाय पसरून, गादीवर हात फिरवत.

"आजी, उतरत नाही तुम्ही?" टीसीने खालून विचारलं.

"मी कशाला उतरू? ते मला नव्हतं. माझ्याशी ती असं बोलत नाही."

"ऐकलंत?" साहेबांनी नवऱ्याला विचारलं.

नवरा पिशवी सावरत होता. त्याचा चेहरा अगदी नवा दिसत होता. "ऐकलं," तो म्हणाला. "बाप रे. हा रोज वाजतो?"

---

अर्ध्या तासाने सासूबाई सोडून सगळे साहेबांच्या केबिनमध्ये होते. साहेब येरझाऱ्या घालत होते, आणि येरझाऱ्यांत यंत्राच्या खोक्याला एकदा चक्क लाथ लागली, तरी त्यांनी तिकडे बघितलं नाही.

"बाई! हेच! इतकी वर्षं मी हेच शोधत होतो! मखमली आज निघाली तेव्हा आत एकही पासवाला नव्हता."

"तिकीटवालेही नव्हते," टीसी म्हणाला. "आजी होत्या."

"ते बारकावे आपण नंतर बघू. बाई, हे असंच्या असं नीट रेकॉर्ड करायचं. पिशवीचं वाक्यसुद्धा ठेवा, उपयोगी आहे. मशीन मी परत पाठवतो. तुमचा आवाज कायम."

ताई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. दोन दिवस ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते साहेबांनी समोर ठेवलं होतं. आवाज कायम. फक्त जुना आवाज नव्हे. ज्या आवाजावर म्हातारी माणसं मान डोलवायची, तो कोटांच्या खोलीतला, तो पुसून टाकायचा. आणि त्या जागी घरातलं भांडण, रोज, दर गाडीला.

"आणि नाही म्हटलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर मशीन. मला काहीतरी एक करायलाच हवं. नवीन तयार होईपर्यंत जुनी सूचना वाजत राहील, ती काही मी अशी काढत नाही. पण रेकॉर्डिंग करायचं तर आजच होऊन जाऊ दे. रागवा. आत्ता रागावलात तशाच."

"अगं, नको," नवरा म्हणाला. "सगळ्या गावाला कळेल कोणाला बोलतेस ते. मी कुठल्या शाळेत पियानो जुळवायला जाऊ? पोरं 'उतरा, उतरा' म्हणतील. मी तक्रार मागे घेतो. ही घेतली."

"आता मागे घेऊन काय उपयोग?" साहेब म्हणाले. "आता मी ऐकलंय."

ताईंनी पदराने घाम पुसला. नवऱ्याकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं. रागावते."

"शाबास!"

"मनापासून रागावते. फक्त एक सांगा, साहेब."

"विचारा की."

"का चालत नाही?"

"काय?"

"पास. मखमलीत. का चालत नाही?"

साहेब हसले. "बाई, तुम्हीच इतकी वर्षं सांगताय."

"सांगतेय. गोड आवाजात सांगतेय. गोड बोलायला कारण लागत नाही हो, साहेब. 'नाही चालत' म्हटलं, 'सुखाचा होवो' म्हटलं, झालं. पण रागवायचं म्हणजे पोटात काहीतरी लागतं. मघाशी यांच्यावर ओरडले, त्याला कारण होतं, म्हणून सगळे उतरले. आता ज्या माणसाला मी ओळखत नाही, ज्याने पास काढलाय, ज्याच्या पासावर तुम्हीच छापलंय 'शहरातील सर्व प्रवासासाठी', त्याला लाज नाही वाटत का म्हणून विचारायचं, तर मला आधी कळायला हवं की त्याला लाज का वाटावी. नाहीतर पोकळ वाजेल."

"पोकळ वाजतं," नवरा म्हणाला. "लगेच कळतं. तज्ज्ञ म्हणून सांगतो."

"नियम आहे," साहेब म्हणाले.

"नियमाने राग येत नाही."

"गाडी जलद आहे."

"साधी जलदही जलद आहे. तिच्यात चालतो."

"थांबे कमी आहेत!"

"म्हणजे आपण त्याला कमी ठिकाणी नेणार आणि वर त्यालाच ओरडणार?"

"गाद्या आहेत, बाई, गाद्या! मखमलीच्या!"

"आणि उभ्याने गेला तर? गादीला हात न लावता?"

साहेबांनी टीसीकडे बघितलं.

"उभ्यांनाही उतरवतो मी," टीसी म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "का उतरवतो हो साहेब?"

साहेबांनी फोन ओढला आणि मुख्य कार्यालयाचा नंबर फिरवला. पलीकडून आधी ताईंचाच आवाज आला, "कृपया प्रतीक्षा करा, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." सगळ्यांनी तो शांतपणे ऐकला, नवरा तेवढा खिडकीबाहेर बघत होता. मग कुणीतरी फोन उचलला. साहेब म्हणाले, एक बारीकशी शंका होती, पास मखमलीत का चालत नाही. मग कागद चाळल्याचा आवाज. मग त्या माणसाने शेजारच्याला विचारल्याचा आवाज, आणि शेजारच्याने त्याच्या शेजारच्याला. मग कुणीतरी मोठ्या पदावरचं बोललं, "कुणी विचारलंय हे?"

"आमच्याच बाईंनी," साहेब म्हणाले. "सूचनेच्या."

पलीकडे फोन ठेवला गेला.

साहेबांनीही ठेवला. टेबलावरची नियमांची जाडजूड पुस्तिका उघडली, अनुक्रमणिकेवरून बोट वरून खाली नेलं, खालून वर आणलं. पुस्तिका मिटली.

"मी थांबते," ताई म्हणाल्या. त्या पुन्हा त्यांच्या नेहमीच्या आवाजात आल्या होत्या, तो मऊ, तिकीटखिडकीवरचा. "सावकाश सांगा. कळलं की लगेच रागावते. घसा तयार आहे."

साहेब उठले. खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली. टोपी घातली, काढली, परत घातली. टीसीने "साहेब?" म्हणून हाक मारली. नवरा म्हणाला, "बाईंनी काहीतरी विचारलंय तुम्हाला, मला आलं ऐकू."

साहेबांनी दार उघडलं, आणि कुणाकडेही न बघता फलाटावर निघून गेले. तिथे जुनीच सूचना वाजत होती.